डोला माजा, आंगठा माजा

मिठागराच्या मुकादमाने आईला "उद्यापासून येऊ नको" असं सांगितलं, ते ती बांधावरून घसरून वाफ्यात पडली त्या दुपारी. डोक्यावरची मिठाची पाटी उपडी झाली, कोपर सोललं, सोललेल्या कोपरावर खारं पाणी गेलं. पण आई ओरडली ती त्यासाठी नाही. ती उठून उभी राहिली आणि मुकादमाला म्हणाली, "बांद तुम्ही बारीक केलाव. मागल्या साली एवढा बारीक नव्हता."

बांध होता तेवढाच होता. आईला त्याची कड दिसत नव्हती.

हे मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी रोह्याला नांदत होते. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, आमच्या दोन खोल्या होत्या, आणि माहेर पेण तालुक्यात, खाडीकाठी, जिते स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. वडील मी लहान असतानाच कावीळ होऊन गेले. मागे आई, दादा आणि मी. आईने आम्हा दोघांना मिठावर वाढवलं. थंडी सुरू झाली की मिठागर, आणि पाऊस लागला की दुसऱ्याच्या शेतात लावणी. तिला मी दुपारची आडवी झालेली कधी पाहिली नव्हती.

नव्वद सालानंतर दोनतीन वर्षांत तिचे डोळे बदलत गेले. आधी म्हणायची, मीठ पहिल्यासारखं येत नाही, पिवळट येतं. त्यावरून ती मुकादमाशीही भांडली होती. मग म्हणू लागली, दुपारच्या उन्हात सगळं फुटतं, जणू कोणी डोळ्यांसमोर आरसा धरलाय. संध्याकाळी त्यापेक्षा बरं दिसायचं. डाव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात मधोमध दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा ठिपका दिसायला लागला आणि तो कोणालाही लांबून ओळखता यायचा. "मोतीबिंदू झाला," असं गावाने म्हटलं आणि गावाच्या लेखी विषय तिथेच संपला.

मिठागर सुटल्यावर घरातलीही कामं एकेक करून तिच्या हातातून गेली. चुलीवर हात भाजला म्हणून वहिनीने तिला चुलीपासून उठवलं. मासळी साफ करताना काटा राहिला म्हणून विळी गेली. विहिरीवर पाय घसरेल म्हणून कळशी गेली. कोणी वाईट वागत नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. दादा तिला वेळेवर ताट वाढून द्यायचा, वहिनी तिचे केस विंचरून द्यायची. मी माहेरी गेले तेव्हा ती ओटीवर भिंतीला टेकून बसलेली होती आणि दादा मला सांगत होता, "आईनं खूप केलं. आता बसून खावं तिनं."

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बसून खायाला मी काय देव हाय?"

मी तेव्हाच म्हटलं, डोळ्यांचं ऑपरेशन करू या. दादाचा चेहरा उतरला. शेजारच्या काकींचं नाव निघालं. काकी आईपेक्षा थोड्या मोठ्या. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचा एक डोळा केला होता. घरी आल्यावर पट्टी ओली झाली, कोणी तरी डोळ्यावर कसला पाला बांधला, डोळा लाल झाला, पू झाला, आणि काकींचा तो डोळा गेला. तेव्हापासून आमच्या आळीत ऑपरेशन म्हटलं की लोक काकींच्या घराकडे बोट दाखवायचे. शिवाय सगळ्यांची पक्की समजूत होती की डॉक्टर डोळा बाहेर काढतात, ताटलीत ठेवून धुतात आणि परत बसवतात. परत बसवताना शीर चुकली की संपलं.

दादाला आणखी एक भीती होती आणि ती तो बोलत नव्हता. वडिलांना त्यानेच इस्पितळात नेलं होतं. तेव्हा तो स्वतः जेमतेम मिसरूड फुटलेला. वडील चालत आत गेले होते आणि त्याला एकट्याला परत यावं लागलं. दवाखान्याचा वास आला तरी तो रस्ता बदलायचा.

त्याला वाटलं, घरच्या घरी काही जमलं तर बरं. गावात दर साली एक वैदू यायचा, कान साफ करायचा, दात काढायचा, जडीबुटी विकायचा. त्याने आईचे डोळे पाहून सांगितलं की बारीक सुईने तो जाळं बाजूला सारील, टाका नाही, दवाखाना नाही, आईला लगेच उजेड दिसेल. दादा ऐकत होता. आईने विचारलं, "तुजी आय हाय का रं?"

"हाय की," वैदू म्हणाला.

"तिला दिसतं?"

"म्हातारी झाली आता. कमीच दिसतं."

"मंग आदी तिच्या डोल्यात सुई घाल. तिला दिसाय लागलं की तिला घेऊन माज्याकडं ये."

तो पिशवी उचलून गेला. दादा आईवर चिडला, वहिनी तोंडाला पदर लावून हसली. पण त्यानंतरही डॉक्टरचं नाव निघालं की दादा म्हणायचा, "पावसाळा जाऊ दे." पावसाळा गेला की म्हणायचा, "अजून पिकला नाही म्हणतात. पिकू दे."

एका सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते. समोरून एक बाई चाचपडत येताना दिसली. एका हाताने भिंती धरत होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. साडीच्या काठाला चिखल. मला ओळखायला वेळ लागला, कारण माझी आई एकटी रोह्यात असणं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"आये! तू कुणासंगं आलीस?"

"गाडीसंगं," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

दादा शेतावर आणि वहिनी बाजारात गेल्यावर ती घरातून निघाली होती. वाट तिच्या पायांना पाठ होती, जिते स्टेशनपर्यंत ती खडीच्या आवाजावर पोचली. गाडी कुठे जाते ते एका पोरीला विचारून घेतलं आणि चढली. मी म्हटलं, "अगो, भलत्या स्टेशनवर उतरली असतीस तर?"

"भलत्या कशी उतरीन? रोह्याला गाडी संपते. सगली उतरली की आपन उतरायचं." तेव्हा आमच्या बाजूची पॅसेंजर रोह्यालाच थांबायची आणि हे तिने नीट विचारात घेतलं होतं. स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत ती विचारत विचारत आली. एका नाल्यात पाय गेला, तेवढंच.

मी तिचे पाय धुतले, चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर तिने बशी खाली ठेवली आणि सांगितलं, "मना डोला करायचाय. तुज्या दादानं नेलं नाय. तू न्हे. नायतर रस्ता सांग, मी जातंय."

माझ्या नवऱ्याची रात्रपाळी झाली होती, तो आत झोपला होता. तो उठून बाहेर आला, सगळं ऐकलं आणि अंघोळही न करता शर्ट चढवून आमच्यासोबत निघाला.

रोह्यात तेव्हा डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. दवाखाना लहान, बाहेर बाकडी, आत काळा पडदा लावलेली खोली. त्यांनी आईला खुर्चीवर बसवून डोळ्यांत औषध घातलं, थोड्या वेळाने यंत्रातून पाहिलं. मग खोलीत अंधार करून विजेरीचा उजेड कधी वरून, कधी खालून, कधी कानाच्या बाजूने टाकला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "आजी, उजेड कुठून येतोय?" आईने दर वेळी बरोबर बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान. म्हणजे मागचा पडदा शाबूत आहे. पुढचंच काम आहे."

"म्हंजे काय झालंय मना?" आईने विचारलं. "नीट सांगा. माज्या घरात कोन नीट सांगत नाय."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "डोळ्याच्या आत एक भिंग असतं. जन्मतः काचेसारखं स्वच्छ. वय होत जातं तसं ते गढूळ होतं. डोळ्यावर वरून काही साचलेलं नसतं, म्हणून थेंबांनी धुतलं जात नाही आणि पाल्याने उतरत नाही. ते गढूळ भिंग काढायचं आणि त्या जागी नवं, बनवलेलं भिंग बसवायचं."

"डोला भाईर काढून?"

"डोळा जागचा हलत नाही, आजी. कडेला छोटी फट करायची, त्यातून काम करायचं आणि फट शिवून टाकायची."

आईने बोटाने डोळ्याची कड चाचपली. मग म्हणाली, "आनि सुईनं बाजूला सारतात ते?"

बाईंचा चेहरा कडक झाला. "ते भिंग डोळ्याच्या आतच मागे ढकलतात. दोन दिवस उजेड दिसतो, लोकांना चमत्कार वाटतो. मग ते आत सडल्यासारखं होतं, दुखतं, आणि डोळा जातो. तसे आलेले मी पाहिलेत."

"मनाच कशाला झालं? लोक बोलतात, कायतरी पाप असंल."

"वय झालं की बहुतेकांना होतं. उन्हात, चकाकीत जन्म गेला, त्याचाही हात असेल. पापाचा काही संबंध नाही."

आई माझ्याकडे वळली. मी नेमकी कुठे उभी आहे ते तिला दिसत नव्हतं, म्हणून ती जरा बाजूला बघत बोलली, "ऐकलंस गो? हे घरी जाऊन आलीतल्या लोकांना सांग."

पण लगेच काही करता येत नव्हतं. आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि बाई म्हणाल्या, मीठ कमी करा, सुकी मासळी बंद. आई हसायलाच लागली. "जन्मभर लोकांना मीठ घातलं आनि आता मना मीठ सोडाय सांगतात!" हसून झाल्यावर मात्र तिने ते पाळलं. सुकटीशिवाय जिचा घास उतरत नसे ती अळणी भाजी मुकाट्याने खायची. मी एकदा दया येऊन चिमूटभर मीठ टाकलं, तर पहिल्याच घासाला ताट सरकवून म्हणाली, "तू दादाच्या बाजूची झालीस काय?"

आई आल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा आला. आई माझ्याकडे आहे हा निरोप त्याला पोचला होता, पण तोवर त्याने खाडीच्या कडेने तिला शोधलं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. दारातूनच तो माझ्यावर ओरडला. "तुला काय कळतं? उद्या काय झालं तर लोक मला विचारतील. तुला नाही विचारणार!"

"काय होनार हाय?" आई आतून म्हणाली.

"डोळा जाईल!"

"जाईल? आता कुटं हाय तो?"

तो कॉटच्या कडेला बसला. खाली मान घालून म्हणाला, "बाबांना मीच नेलं होतं, आये."

आई उठली, चाचपडत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुजा बाप कावीलीनं गेला. उशिरा नेला म्हनून गेला, तू नेलास म्हनून नाय. आता मना बी उशीर करतोस." तिचा आवाज मऊ होता पण बोलणं मागे घेण्यातलं नव्हतं.

ब्लडप्रेशर आटोक्यात आल्यावर ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी दादा आला, पण दवाखान्याच्या पायरीवरच थांबला. आत कंपाउंडरने कागद पुढे केला आणि म्हणाला, "मुलाची सही लागेल. मुलगा कुठाय?" मी म्हटलं, मी मुलगीच आहे, मी करते. तो म्हणाला, मुलगा असताना मुलीची कशी? माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने टेबलावर थाप मारली.

"डोला कोनाचा?"

कंपाउंडर गोंधळला. "तुमचा, आजी."

"डोला माजा, मंग आंगठा बी माजाच. आन ती शाई."

आतून डॉक्टरीणबाईंनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "घ्या त्यांचाच अंगठा. खाली मुलीची सही घ्या." आईने अंगठा उमटवला. मी खाली माझं नाव लिहिलं, आणि शाळा सुटल्यापासून एवढ्या ठसठशीत अक्षरात मी कुठेच सही केली नव्हती.

तिच्या पापण्यांचे केस कापले, डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं आणि तिला आत नेलं. मी बाकड्यावर बसले. दादा पायरीवरून उठून दारापर्यंत आला, मग माझ्या शेजारी येऊन बसला. आतून मधेच आईचा आवाज आला, "बाय, तुजी पोरं किती?" आणि बाईंचा आवाज, "आजी, आता बोलायचं नाही, हलायचं नाही." दादाला एकदम हसू फुटलं आणि हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आई नंतर सांगायची की दुखलं काहीच नाही. जाग होती. वर उजेड होता आणि त्यात पाणी हलल्यासारखं रंग हलत होते. तिने मनात एवढंच ठरवलं होतं की आपण हलायचं नाही, कारण आपण हललो तर गावाचं खरं होईल.

दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली. मी समोरच होते. तिने डोळा बारीक केला, उघडला, पुन्हा बारीक केला. पाणी गळत होतं. बाईंनी विचारलं, "काय दिसतं?"

"हिचे केस पिकले!" आई म्हणाली. "कवा पिकले गो? मना कोन बोललं नाय!"

मी तिशीत होते आणि कानशिलाजवळचे थोडे केस खरंच पांढरे झाले होते. मी लोकांसमोर लाजले आणि नंतर रडले. आई मात्र दोन्ही डोळ्यांची तुलना करण्यात गुंग झाली होती. एक डोळा झाकून भिंत बघायची, मग दुसरा झाकून बघायची. "ह्या डोल्यानं पांढरी. ह्या डोल्यानं तेल लावल्यासारखी." मग हात खाली घेऊन म्हणाली, "म्हंजे मीठ चांगलंच होतं. मुकादमाशी फुकट भांडले." आणि लगेच पुढे, "पन एक आठवडा तो पाट्या कमीच मोजत होता, ते भांडान बरोबर होतं."

पुढचे दिवस ती माझ्याकडे राहिली. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, धुरात जायचं नाही, डोळ्याला हात नाही, थेंब वेळच्या वेळी. जिने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही तिने हे सगळं अक्षरशः पाळलं. शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, आजी किती शहाण्या! आई त्या गेल्यावर मला सांगायची, "शानी कसली! माजा डोला गेला तर आमच्या आलीतली समदी मान हलवून बोलतील, बगा, सांगितलं होतं. मी त्यांना मान हलवू देयाची नाय." झोपेत हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून ती हात पदराने बांधून घ्यायची. मी ते सोडवायला गेले तर चिडायची.

काळा चष्मा लावून ती गावाला परतली तेव्हा दादाच तिला घ्यायला आला होता. जित्याला उतरल्यावर त्याने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. पुढे चालत गेली. घरी जाऊन तिने पहिल्यांदा सगळी भांडी उन्हात मांडली आणि वहिनीला काय काय नीट घासलेलं नाही ते दाखवलं. वहिनी मला पुढे म्हणाली, "डोळा झाला आणि माझे दिवस भरले." पण म्हणताना हसत होती.

मग आई काकींकडे गेली. त्यांचा दुसरा डोळाही पिकत चालला होता. आईने त्यांना सगळं सांगितलं, भिंग, फट, टाके. पाला बांधला म्हणून डोळा गेला, डॉक्टरामुळे नाही, हेही सांगितलं. काकी म्हणाल्या, "एक गेला, एक हाय. आता मी नाय गो जायाची." आई रोज जायची. विनवण्या केल्या, भांडली, मधे महिनाभर बोलली नाही, पुन्हा गेली. काकी शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत आणि काही वर्षांनी तशाच गेल्या. आईला त्याचं दुःख झालं त्याहून जास्त राग आला. "मी असती बरोबर. मी तिचा हात धरला असता. तिनं धरू दिला नाय," असं ती कितीतरी दिवस म्हणत होती.

पण आळीतल्या इतर बायका आल्या. कधी एक, कधी दोघी, आईच्या मागून जित्याला गाडीत चढायच्या आणि रोह्याला माझ्या दारात उतरायच्या. माझ्या दोन खोल्यांत जागा पुरायची नाही, मग माझा नवरा शेजाऱ्यांकडे झोपायला जायचा. आई प्रत्येकीला आधीच बजावून आणायची की डोळा ताटलीत ठेवत नाहीत. तिचा स्वतःचा दुसरा डोळा पुढच्या साली झाला. त्या वेळी दादा पायरीवर थांबला नाही. आत आला, आणि कंपाउंडरने कागद पुढे केला तेव्हा त्यानेच शाईचा डबा उघडून आईसमोर धरला.

मिठागरावर ती परत गेली ती बाईंनी ओझं उचलायची मोकळीक दिल्यावरच. मुकादम नाही म्हणाला. म्हातारी माणसं नकोत, पडझड झाली तर कोण बघणार? आईने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने शेजारची रिकामी पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि त्याच बांधावरून पलीकडे गेली, भरून परत आली, ढिगावर ओतली, पुन्हा गेली. बाकीच्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. तिसऱ्या खेपेला मुकादमाने तोंड फिरवलं आणि दुसऱ्याच कोणावर तरी ओरडायला लागला. तोच होकार होता.

पुढे तिने मोजके हंगाम काम केलं. एका वर्षी थंडी पडली तेव्हा ती गेलीच नाही. मी सणाला माहेरी गेले होते, तेव्हा अंगणात वाल सोलत बसली होती. मी विचारलं, "आये, यंदा मिठावर नाय?"

"नाय."

"मुकादम काय बोलला?"

"तो बोलवाय आलता." तिने शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकला. "मीच त्याला ‘नाय’ बोलले. पाय दुकतात. आता मना बसायचंय."